केसांवरून फोटोचं साल कसं काढायचं

आमच्या घरच्या तीन अल्बममध्ये दोनशेच्या वर फोटो, आणि मागे तारीख असलेले मोजून सहा. दारव्हा तालुक्यातलं खेडं आमचं, फोटो काढला हेच खूप, तारीख कोण लिहितो! पण पोट्ट्यांच्या डोक्यावर ती लिहिलेली असते. वाचता आली पाहिजे.

आधी फोटो अल्बममधून सोडवा. चिकट पानांवरचा फोटो कोपऱ्याला धरून ओढला की फाटतो. शिवणाच्या दोऱ्याला मेण घासा, दोन्ही हातांत ताणा आणि फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. नाहीच निघाला तर राहू द्या, खिडकीजवळ फ्लॅश बंद करून मोबाइलनं टिपून घ्या.

आता केस. सिनेमावरून साधारण अलीकडची हद्द मिळते, म्हणजे फोटो याच्या आधीचा नसावा, एवढंच. मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर झिपऱ्या असतील तर ‘तेरे नाम’ नंतरचा, म्हणजे ऑगस्ट 2003 च्या पुढचा. डोक्यावर वस्तऱ्यानं ओढलेली रेघ दिसली की ‘गजनी’, डिसेंबर 2008. खांद्यापर्यंतचे केस असले तर धोनी की संजय दत्त हे कपड्यांवरून ठरवा. पलीकडची हद्द मात्र सिनेमा देत नाही, ती ज्याच्या त्याच्या हट्टावर असते. माझे मोठे जवाई अजूनही मिथुन आहेत.

बायांच्या केसांवर वेळ घालवू नका. माझ्या मायचा अंबाडा सगळ्या अल्बममध्ये तोच आहे.

पलीकडची हद्द फोटोच्या मागच्या बाजूला, म्हणजे माणसांच्या पाठीमागे शोधा. माझाच एक फोटो सांगतो. दारव्हा स्टेशन, अंगात स्वेटर, मानेवर रुळणारे केस, भांग मधोमध, वरून खोबरेल तेल चोपडलेलं. बाजूला काका, मागे शकुंतला, म्हणजे आमच्याकडची छोट्या रुळांची रेल्वे. संजय दत्तचा ‘साजन’ ऑगस्ट 1991 चा, त्याच्या आधी माझे केस साधे होते. आणि शकुंतलेला वाफेचं इंजिन आहे. ते 15 एप्रिल 1994 ला काढून डिझेल लावलं. मधे हिवाळे आले तीन. कोणता?

इथं काकांचं डोकं कामी आलं. त्यांचे केस बोटाच्या एका पेराएवढे, सगळीकडे सारखे. कटिंग अशी नसते. हे मुंडणानंतर उगवलेले केस. घरात कोणी गेलं की मुलं दहाव्याला केस देतात, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पेर म्हणजे दोनएक सेंटिमीटर, म्हणजे दोन महिने. आजा गेल्याची तारीख मृत्यूच्या दाखल्यावर आहे, 11 नोव्हेंबर 1992. दहावा 20 ला. त्यावर दोन महिने म्हणजे जानेवारी 1993, संक्रांत नुकतीच झालेली. दाखला सापडला नाही तर वारसाची नोंद झालेला फेरफार तलाठ्याकडून काढा, त्यातही मृत्यूची तारीख लिहिलेली सापडते.

म्हणून अल्बममधला टकला माणूस दिसला की सोडू नका, आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा कोण गेलं होतं. फक्त तो तिरुपतीहून आला नव्हता याची खात्री करा. आमच्याकडं यात एक साल चुकलं होतं.

आणि हो, हिशेब जुळला तेव्हा मला दुसरंच दिसलं. काकांनी केस दिले, चुलतभावानंही दिले, माझे मानेवर तसेच. नातवानं द्यायलाच पाहिजेत असं नाही, असं मी तेव्हा घाटावर सर्वांना समजावून सांगितलं होतं. फोटो मायच्या हातात दिला. तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, “तुही जावळं काढाले आज्यानंच तुले मांडीवर घेतलं होतं.” बस, एवढंच बोलली आणि फोटो परत दिला.

साल सापडलं की लगेच लिहून टाका. फोटो काचेवर पालथा ठेवा, मऊ शिसपेन्सिल घ्या, जोर न देता कडेला लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला तोंडावर उमटतो आणि शाई खालच्या फोटोला लागते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर चिठ्ठी लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवा. मी लिहिलं: जानेवारी 1993, दारव्हा स्टेशन, काका आणि मी, आजा गेल्यानंतर.