स्वाहिलीची क्रियापदं मोबाईलवर पक्की कशी करायची

नैरोबी किंवा दार-ए-सलामला नोकरीसाठी जाणारे बरेच जण आधी शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि वाक्य बोलायची वेळ आली की अडकतात, कारण स्वाहिलीत निम्मं वाक्य क्रियापदातच असतं. आपण 'वाचतो, वाचते, वाचलं' असं शेवट बदलत जातो, तिकडे धातूच्या आधी एकेक तुकडा लागतो. नि-ना-सोमा म्हणजे मी वाचतोय, नि-लि-सोमा वाचलं, नि-ता-सोमा वाचेन. नि म्हणजे मी, उ तू, आ तो किंवा ती, तु आम्ही, म तुम्ही, वा ते सगळे.

यासाठी मला अँकीड्रॉइड हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप सगळ्यात बरं वाटतं, अँड्रॉइडवर फुकट आहे आणि नेट नसतानाही चालतं. तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, डाउनलोड करायच्या मागे लागू नका, स्वतःचा बनवा, कारण कार्ड बनवतानाच अर्धं पाठ होतं.

नवीन डेक काढा, कार्डचा प्रकार 'बेसिक, टाइप इन द आन्सर' निवडा म्हणजे उत्तर मनात न म्हणता टाइप करावं लागेल आणि चुकलेलं अक्षर लाल दिसेल. पण त्याआधी कीबोर्डची ऑटोकरेक्ट आणि सजेशन्स बंद करा, नाहीतर कीबोर्डच उत्तर सांगून मोकळा होतो. सुरुवातीला चार-पाचच धातू घ्या: सोमा वाचणे, पिका स्वयंपाक करणे, नुनुआ विकत घेणे, पेंडा आवडणे. प्रत्येक कार्डावर एकच बदल विचारायचा, अख्खा तक्ता एका कार्डावर कोंबला तर काहीही लक्षात राहत नाही.

पुढच्या बाजूला मराठी लिहाल तेव्हा जपून. 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हीला तु-च लागतं. 'तुम्ही' लिहिलं तर 'अनेकजण' हेही लिहा, कारण एकट्या माणसाला, अगदी आजोबांनाही, उ-च वापरतात, आदर 'शिकामो' या मोठ्यांना करायच्या नमस्कारातून आधीच दाखवून झालेला असतो.

आता नकार, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी वाचत नाही म्हणजे सिसोमी: नि जाऊन सि आला, ना गायब झाला आणि शेवटचा आ बदलून इ झाला, तीन गोष्टी एकदम. म्हणून निनासोमा आणि सिसोमी अशी जोडीचीच कार्डं करा. भूतकाळात लि-च्या जागी कु येतो, सिकुसोमा, आणि अजून वाचलं नाही असेल तर सिजासोमा. भविष्यकाळ सोपा, सितासोमा. आणि एक कार्ड हे हवंच: हुसोमी म्हणजे तू वाचत नाहीस, हुसोमा म्हणजे नेहमी वाचतो, मग तो कोणीही असो. एका स्वरात अर्थ उलटा!

अरबीतून आलेल्या धातूंचा शेवट नकारातही तसाच राहतो, रुडी म्हणजे परत येणे, त्याचं सिरुडी. यांना वेगळा टॅग द्या. कुला म्हणजे खाणे, कुन्यवा म्हणजे पिणे, कुजा म्हणजे येणे हे पुढचा कु सोडला तर एका अक्षराचे धातू आहेत, त्यांनाही वेगळा. निनाकुला मध्ये कु टिकतो पण 'मी खात नाही' ला तो जातो आणि सिली होतं.

तक्ता तपासायचा असेल तर विक्शनरीवर धातू शोधा, तिथे स्वाहिली क्रियापदांची रूपं मिळतात. उच्चार गूगल ट्रान्सलेटवर ऐका, जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, निना-सो-मा. उत्तर चुकलं तर 'हार्ड' नाही, 'अगेन'च दाबा, हार्ड दाबलं की अ‍ॅपला वाटतं तुम्हाला आलं आणि कार्ड लांब ढकललं जातं.

हे हाताखालून गेलं की मगच कर्माचे तुकडे घ्या, नि-ना-कु-पेंडा, मला तू आवडतोस किंवा आवडतेस, आणि त्यानंतर किताबु किमेआंगुका, पुस्तक पडलंय, म्हणजे माणसांऐवजी वस्तूंचे उपसर्ग.