युटात राहायला येताय? मॉर्मन शेजार, चहा आणि 'किती बायका' हा प्रश्न

नवऱ्याला किंवा बायकोला इथल्या लीहाय गावातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत जॉब लागतो, आणि पुण्यातून पहिला फोन येतो तो हाच, "अगं तिथे त्या लोकांना तीन-तीन बायका असतात ना?" मला पण आला होता, आत्याचा. आता इथे येऊन बरीच वर्षं झाली, दोन मुलं इथल्याच शाळेत जातात आणि गल्लीतली आमची आणि अजून दोन घरं सोडली तर बाकी सगळे मॉर्मन, म्हणजे इथल्या एका ख्रिस्ती पंथाचे. त्यामुळे नवीन येणाऱ्यांना जे फोनवर सांगत बसते ते एकदाच लिहून टाकते.

आधी नाव. आपण मॉर्मन म्हणतो, पण चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं लांबलचक आहे, आणि 2018 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. जुनी माणसं अजूनही स्वतःला मॉर्मन म्हणतात, काही जणांना मात्र खटकतं, म्हणून नुसतं "तुमचं चर्च" म्हणा, विषय मिटतो.

पत्त्याने घाबरू नका. 300 साउथ 500 ईस्ट असा पत्ता बघून मला वाटलं होतं कोणीतरी टायपो केलाय. सॉल्ट लेकमध्ये टेम्पल स्क्वेअरपासून, म्हणजे चर्चच्या मुख्य देवळाच्या आवारापासून मोजायचं, तिकडून किती ब्लॉक दक्षिणेला आणि किती पूर्वेला. बाकीच्या गावांचा आपापला मधला बिंदू असतो. आठवड्याभरात सवय होते आणि मग पुण्यातला "मारुतीच्या देवळामागे डावीकडे" वाला पत्ता नको वाटायला लागतो.

सामान उतरवताय तोवर बेल वाजेल. शेजारी कुकीज किंवा घरचा ब्रेड घेऊन येतात, मुलं खोकी उचलायला लागतात. संशय घेऊ नका, खरंच मदतच असते. मागे एक सिस्टिम आहे ती समजून घ्या म्हणजे बरंच कोडं सुटतं. त्यांचं प्रत्येक कुटुंब एका वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक गटात असतं आणि वॉर्ड पत्त्यावरून ठरतो, आपण निवडायचा नाही. म्हणजे गल्लीतले सगळे रविवारी एकाच ठिकाणी दोन तास भेटतात. वॉर्डाचा प्रमुख म्हणजे बिशप, त्याला पगार नसतो, तो आठवडाभर डेंटिस्ट नाहीतर इन्शुरन्सवाला असतो आणि बाकी वेळात वॉर्ड बघतो. बायकांची रिलीफ सोसायटी असते, कोण आजारी आहे, कोण बाळंतीण आहे ते त्यांना आधी कळतं. माझ्या धाकटीच्या वेळी आम्ही चर्चचे नसूनही आठवडाभर डबे आले, माहेरची आठवण झाली अगदी. फक्त शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी नीट सांगा, "चिकन नको" एवढं पुरत नाही, कारण फ्युनरल पोटॅटोज नावाची बटाटा-चीजची जी डिश येते, वर कॉर्नफ्लेक्स घातलेली, त्यात बऱ्याचदा चिकनचं डब्यातलं सूप असतं आणि त्या प्रसिद्ध हिरव्या जेलीत जिलेटिन. मी दोन वेळा खाल्ल्यावर मला कळलं.

आता चहा. चहा, कॉफी, दारू, तंबाखू यांना चालत नाही. शेजारीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा सवयीने मी आधण ठेवलं, आलं किसलं, आणि ती बिचारी हसत हसत "फक्त पाणी चालेल" म्हणत राहिली. आपल्याकडे नाही म्हणणं म्हणजे संकोच, म्हणून मी अजून आग्रह केला. असं करू नका. कोकम सरबत द्या, पन्हं द्या, ताक द्या. चहा पावडर न घालता गवती चहा आणि आलं उकळून दिलं तर चालतं, वनस्पतीचा काढा त्यांच्यात वर्ज्य नाही. गंमत म्हणजे कोल्ड्रिंक चालतं, त्यात क्रीम, नारळाचं सिरप, लिंबू घालून लिटर-लिटरचे ग्लास पितात, डर्टी सोडा म्हणतात त्याला, गाड्यांची रांग लागते दुकानाबाहेर. आपण आपला चहा त्यांच्यासमोर प्यायला कोणाची हरकत नसते. दारू घेत असाल तर वाइन-व्हिस्की फक्त सरकारी दुकानात मिळते आणि ती दुकानं रविवारी बंद, शनिवारीच बघा. आणि पिऊन गाडी चालवायची मर्यादा इथे रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल एवढीच आहे, देशात सगळ्यात कडक.

पांढरा शर्ट, काळा बिल्ला लावलेली दोन पोरं दारात आली तर ते मिशनरी. दोन वर्षं घर सोडून हेच करतात, स्वखर्चाने. घरात बाई एकटी असेल तर ते आत येत नाहीत. "नंतर बघू" असं मोघम बोललात तर ते खरंच नंतर येतात, म्हणून सरळ सांगा की धर्म बदलायचा नाहीये, पाणी हवंय का. ते पाणी पितात आणि हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ काढून देऊ का विचारतात. हो म्हणा.

आता मूळ प्रश्न. पहिल्या भेटीत, ऑफिसच्या लंचला, चेष्टेत, कसंही "तुला किती बायका" विचारू नका. आज या चर्चमध्ये कोणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. इतिहासात होतं ते खरं. 1852 मध्ये उघडपणे जाहीर केलं, तेव्हाचा अध्यक्ष ब्रिगहॅम यंग, त्याला पन्नासच्या वर बायका होत्या, मग सरकारने कायद्यावर कायदे केले, 1887 च्या कायद्याने तर चर्चची मालमत्ता जप्त करायची सोय केली आणि युटातल्या बायकांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला, जो त्यांना 1870 पासून होता. 1890 मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून नवीन लग्नं थांबवली, तरी काही चोरून होत राहिली म्हणून 1904 मध्ये परत एकदा बजावलं. आता टीव्हीवर लांब झग्यातल्या बायका दिसतात ते वेगळे लोक, मुख्यतः युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी या गावांकडचा फुटलेला पंथ, त्यांचा नेता वॉरन जेफ्स 2011 पासून टेक्सासमध्ये जन्मठेप भोगतोय. शेजाऱ्याला त्यांच्यात मोजलंत तर तो चिडेल, आणि बरोबर चिडेल.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं, पण स्वतःच्या घरापासून सुरू करून. माझ्या पणजोबांना दोन बायका होत्या, थोरली आणि धाकटी, मुंबई प्रांतात 1946 चा द्विभार्याबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट. घरात त्यावर कोणी बोलत नाही, थोरलीचं नाव तर मला लग्नात कुलाचाराच्या वेळी कळलं. हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती उठली आणि फोटोंचा डबा घेऊन आली. दाढीवाले पणजोबांचे वडील, भोवती तीन बायका. तिसरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही आमची." बाकीच्या दोघींची पोरं पण शेजारच्या गावांत पसरलीत, दर उन्हाळ्यात एकत्र जमतात. अभिमान आहे आणि लाजही आहे, दोन्ही एकाच डब्यात.

तिनेच मला मार्था ह्यूज कॅननचं सांगितलं. पेशाने डॉक्टर, नवऱ्याची चौथी बायको, आणि 1896 मध्ये राज्याच्या सिनेटची निवडणूक जिंकली, देशातली पहिली बाई राज्य-सिनेटर, आणि उमेदवारांत खुद्द तिचा नवरा होता, तो पडला! ऐकून मला आधी हसू आलं आणि मग त्या बाकीच्या सवतींनी मत कोणाला दिलं असेल याचा विचार करत बसले.

एक नाजूक गोष्ट. यांच्यात टेम्पलमधलं, म्हणजे त्यांच्या खास देवळातलं लग्न मेल्यानंतरही टिकतं असं मानतात, आणि बायको वारली तर पुरुष दुसरीशीही तसंच कायमचं लग्न लावू शकतो. म्हणजे वर गेल्यावर दोघी. या गोष्टीने बऱ्याच बायकांच्या पोटात गोळा येतो, पण हे त्या आपणहून बोलतील तेव्हाच, तुम्ही उकरून काढू नका.

लग्नाचं आमंत्रण आलं तर बघा ते रिसेप्शनचं आहे ना, टेम्पलच्या आत आपल्याला प्रवेश नाही, कधीकधी मुलीच्या सख्ख्या आईवडिलांनाही नसतो. आणि त्यांच्या आतून घालायच्या धार्मिक कपड्यांवर विनोद नको, जानव्यावर कोणी केला तर आपल्याला कसं वाटेल.

मुलांचं मात्र अवघड जातं, खोटं कशाला बोलू. रविवारी खेळायला कोणी मिळत नाही, गल्लीतल्या पोरांची आठवड्यात चर्चची ॲक्टिव्हिटी असते आणि आपलं पोर खिडकीतून बघतं. पाठवायचं का नाही हे आधी घरात ठरवा. आम्ही बास्केटबॉलला पाठवलं, धर्माच्या क्लासला नाही. शिवाय स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळी मोठी होते, तिथे रंगात न्हालेली गर्दी बघाल तर निम्मी मॉर्मन कॉलेजची पोरंपोरी, आणि साउथ जॉर्डनला गणेश मंदिर आहे, तिथे मराठी कानावर पडतं.

गणपतीला शेजाऱ्यांना नक्की बोलवा, पण रविवार नको, सोमवारची संध्याकाळ पण नको कारण ती घरच्यांसाठी ठेवलेली असते, आणि महिन्याचा पहिला रविवार तर अजिबात नको, त्या दिवशी उपास, आणि यांच्या उपासात साबुदाणा नाही, पाणीसुद्धा नाही. शनिवार ठरवा. मोदक जास्त करा, काही घरांत पाच-सहा पोरं असतात. आणि थर्मास दोन ठेवा, एकावर चहा आणि एकावर गवती चहा अशी मोठी चिठ्ठी लावा इंग्रजीत, आमच्याकडे पहिल्या वर्षी अदलाबदल झाली होती.