‘एरर’ नावाचा एकच गोल काढू नका

उभ्या अक्षावर वजन उचलणाऱ्या मोटरचा पहिला कंट्रोलर लिहिताना मी स्टेट मशीनच्या (यंत्र कोणत्या अवस्थेत, म्हणजे ‘स्टेट’मध्ये, आहे आणि पुढे कुठे जाईल हे ठरवणाऱ्या लॉजिकच्या) आकृतीच्या कोपऱ्यात ‘एरर’ असा एक गोल काढला आणि सगळे बाण तिकडे वळवले. त्या गोलात सगळे आउटपुट शून्य. चाचणीत पहिल्याच फॉल्टला (बिघाडाला) वजन चार बोटं खाली घसरलं. मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, क्षणात गेला, पण स्प्रिंगच्या ब्रेकला पकड घ्यायला साधारण १०० मिलिसेकंद लागत होते, आणि तेवढ्यात मोकळी वस्तू ४.९ सेंटिमीटर पडते. हे गणित शाळेतलंच, पण मी ते नंतर केलं.

तेव्हा आधी फॉल्टची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: या क्षणी मोटर माझ्या ताब्यात आहे का? तापमान चढलं, मर्यादा-स्विच लागला, वरच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला, तर आहे. मग टॉर्क धरून ठेवून ‘ब्रेक लाव’, ब्रेक लागल्याचा फीडबॅक आला की ‘टॉर्क सोड’, त्यानंतर ‘कुलूपबंद’, म्हणजे रीसेट होईपर्यंत तिथेच थांबायचं. मोटरला वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किटच शॉर्ट झालं, तर ताबा गेलेला असतो. तिथे कंपॅरेटरचा (करंट मर्यादेपलीकडे गेला का ते बघणाऱ्या सर्किटचा) सिग्नल थेट ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरचे गेट बंद करू दे, क्लॉकच्या पुढच्या ठोक्याची वाट नको. स्टेट मशीनला नुसतं कळू दे. घसरण होईलच, यांत्रिकीवाल्यांना तेवढी जागा सोडायला सांगा. आयईसी ६०२०४-१ या यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या मानकातले थांबण्याचे प्रकार ० (वीज लगेच तोडा) आणि १ (ताब्यात ठेवून थांबवा, मग वीज तोडा) साधारण याच फरकावर बेतलेत.

फीडबॅकची वाट बघणाऱ्या प्रत्येक स्टेटला टायमर हवाच. आता ब्रेकचा फीडबॅक आलाच नाही तर? माझं मत: टॉर्क सोडू नका, अलार्म वाजवत धरून ठेवा. यावर माझे सहकारी अजून भांडतात.

‘तयार’ आणि ‘चालू’ धरून पाच स्टेट झाल्या. तीन बिटांत आठ कोड बसतात, म्हणजे तीन बेवारस. कोडमध्ये ‘डिफॉल्ट’ (उरलेल्या सगळ्यांसाठीची ओळ) लिहून निर्धास्त राहू नका. तिथे पोचताच येत नाही असं ठरवून सिंथेसिस टूल (कोडचं सर्किट बनवणारं सॉफ्टवेअर) तो भाग उडवू शकतं. त्या टूलमध्ये सेफ एफएसएमचं (स्टेट मशीनचे बेवारस कोड न उडवण्याचं) सेटिंग लावा, बेवारस कोड ‘ब्रेक लाव’कडे न्या आणि सिम्युलेशनमध्ये बिट जबरदस्तीने उलटवून बघा.

फॉल्टचं कारण फक्त पहिलं साठवा. ओव्हरकरंटमागोमाग अंडरव्होल्टेज आला आणि त्याने आधीची नोंद पुसली, तर तुम्ही दोन दिवस पॉवर सप्लाय तपासत बसाल.

रीसेट फक्त ‘कुलूपबंद’मधून, फॉल्ट गेल्यावर, दोन फ्लिप-फ्लॉपमधून (एकेक बिट साठवणाऱ्या सर्किटमधून) क्लॉकशी सिंक करून आणि बटणाच्या एजवर, म्हणजे ते दाबल्याच्या क्षणावर, घ्या. लेव्हलवर, म्हणजे बटण दाबलेलं आहे तोवर, घेतलात आणि बटण अडकलं, तर फॉल्ट जाताच यंत्र आपोआप ‘तयार’ होऊन बसेल.