नाव ठेवायचं, तर दाखवता येईल असं

मी वाईला सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि आत्या म्हणून पाच बाळांच्या कानात नाव सांगितलं. त्यामुळे घरात पाळणा हलायची वेळ आली की भावांचे फोन येतात, "ताई, चांदण्या, फुलं, नद्या असलं काहीतरी सुचव. पण वेगळं हवं."

वेगळेपण मी नंतर बघते. माझी पहिली अट अशी की, ज्याच्यावरून नाव ठेवलं ते पोराला बोट धरून दाखवता आलं पाहिजे. अबोली नाव ठेवताय ना? मग कुंडीत अबोली लावा. शशांक ठेवलंत तर पौर्णिमेला गच्चीवर न्या आणि चंद्रावरचा ससा दाखवा. शश म्हणजे ससा, अंक म्हणजे खूण. अख्खी गोष्ट त्या नावातच आहे.

पत्रिका मानणाऱ्या घरांत आधी नावरस अक्षर निघतं. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल त्याचं ते अक्षर. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यात ङ, ञ, णसुद्धा येतात, आणि त्यांच्यावरून नाव सुरू कसं करणार? अशा वेळी जन्मनाव एक आणि हाकेचं नाव दुसरं ठेवावं. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे, वाईट वाटून घेऊ नये.

धाकट्या भावाची लेक स्वाती नक्षत्रावर झाली. अक्षरं रू, रे, रो, ता. त्यानं मोबाइलवरून लांबलचक यादी काढली होती आणि तीन वेगवेगळ्या नावांपुढे एकच अर्थ होता, 'सूर्याचा पहिला किरण'. मला अशा वेळी फार वाईट वाटतं. पुढे पोरगं विचारेल, "माझ्या नावाचा अर्थ काय?" तेव्हा आपण त्याला खोटं सांगणार का? म्हणून प्रत्येक नाव कोशात शोधा. संस्कृत शब्दासाठी आपट्यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थ; दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. तिथे सापडलं नाही तर शब्द कुठल्या भाषेतला ते विचारा. आफताब फारसी आहे, अर्थ सूर्य, आणि किती सुंदर आहे! ज्याला मूळच सापडत नाही, ते मी यादीतून काढते.

चाळणीतून दोन नावं उरली, तारा आणि रेवा. भावजयीचं माहेर जबलपूरचं. रेवा म्हणजे नर्मदा, खडकांतून उसळत जाणारी. आम्ही रेवा ठेवलं. सहा महिन्यांची झाल्यावर आजोळी ग्वारीघाटावर तिचे पाय पाण्यात बुडवले, तेव्हा माझी अट पुरी झाली.

आणि जन्मनक्षत्र? तेही दाखवतेच. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी, ठळक स्वाती लागते, आणखी पुढे चित्रा. मे महिन्याच्या शेवटी रात्री दहा-साडेदहाला आमच्या गच्चीवरून स्वाती जवळजवळ बरोबर डोक्यावर येते, मान पुरती मागे टाकावी लागते. त्याच शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला, वसिष्ठाला, चिकटून बारीकशी अरुंधती आहे. हे नाव मला फार आवडतं, पण हल्ली कुणी ठेवत नाही.

मग हाक मारून बघा. गच्चीवरून गल्लीच्या टोकापर्यंत, मोठ्यानं. आर्द्रा हा मृगाशेजारचा देखणा तांबडा तारा, पण हाकेत त्याचं 'आद्रा' होतं. मृण्मयीची 'मृणू' होणार. ते लाडकं रूप तुम्हाला आवडलं तरच पुढे जा.

इंग्रजी स्पेलिंग घरात एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. ऋतुजा आपण 'रु' म्हणतो, हिंदीत 'रि'. एका भाचीच्या दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं लागलं, ते निस्तरायला दोन वर्षं गेली. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना तर शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागतो.

पण घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती नावाशिवाय होते. नाव पहिल्या 12 महिन्यांत विलंबशुल्क न भरता घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मधल्या भावाच्या लेकीला आम्ही चार महिने नुसतं चिमी म्हणत होतो. श्रावणात एका सकाळी दारातल्या झाडाखाली पहिला सडा पडला. भावजय तिला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिली आणि मला हाक मारली. त्याच आठवड्यात बारसं केलं, आणि मी तिच्या कानात प्राजक्ता म्हटलं.