लग्नसराईआधी कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलताना

माझं काम पत्रिका आणि फ्लेक्सचं. कॉम्प्युटरच्या जुन्या इंटेल आय५-७४०० प्रोसेसरवर मोठा बॅनर सेव्ह होईतो चहा पिऊन व्हायचा. त्या मदरबोर्डात (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) नवा प्रोसेसर बसत नाही, म्हणून दोन्ही बदलले: रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. यात जुनी डीडीआर४ रॅम चालत नाही, हा खर्च आधीच धरा. मी ३२ जीबी डीडीआर५ घेतली. कोरल-फोटोशॉपला ढीगभर कोअरपेक्षा (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) एकेका कोअरचा वेग जास्त उपयोगी पडतो.

बोर्ड काढण्याआधी विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा, फाइलींची प्रत काढा.

आता नाजूक काम. एएम५ मध्ये (या बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा प्रकार) पिना सॉकेटात असतात, तिथे बोट लावू नका. त्रिकोणाला त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवा, दाबू नका. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) वाटाण्याएवढी (कूलरला आधीच लावलेली असेल तर नको), मग कूलरचे स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडेथोडे आवळा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर मी विसरलो होतो. अर्धा तास नुसते पंखे फिरले!

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. रॅम जुळवून घेत असते. घाबरून बटण दाबू नका.