छोट्या गाडीत ताकदीचे सुटे भाग बसवताना या चुका टाळा

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागात जुनी स्विफ्ट, आय-ट्वेंटी किंवा पोलो विकत घेऊन तिला अधिक वेगवान, अधिक रुबाबदार करण्याची हौस असलेली मुले आता गावागावांत दिसतात. घरपोच मागवलेला फिल्टर, शहरातून आणलेले अलॉय, कोणीतरी सुचवलेली रीमॅप (इंजिनच्या संगणकातील सेटिंग बदलणे) अशी खरेदी होते, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी पिकअप गेला, ॲव्हरेज पडले, चेक इंजिनचा दिवा विझत नाही अशा तक्रारी घेऊन गॅरेजसमोर उभी राहते. अशा गाड्या मी बऱ्याच जवळून पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांमध्ये बसवलेला भाग वाईट नव्हता. तो आजारी गाडीला बसवला गेला होता, किंवा आपले ऊन, आपला फुफाटा आणि काळ्या मातीवरचे आपले रस्ते यांचा विचार न करता निवडला गेला होता.

आजारी गाडीची ताकद वाढवणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीचे घसरू लागलेले क्लच, झिजलेले प्लग, चोंदलेला डिझेल फिल्टर, अडकून घासणारे ब्रेक किंवा बिघडलेले अलाइनमेंट यांमुळे जेवढी ताकद वाया जाते, तेवढी परत मिळवण्यासाठी कोणताही नवा भाग लागत नाही. म्हणून पहिला खर्च तपासणीवर करावा: इंजिनचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड वाचावेत, गाडी जॅकवर घेऊन चारही चाके हाताने मोकळी फिरतात का ते पाहावे.

यातही आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष कूलिंगकडे होते, आणि याचा फटका मला स्वतःला बसला आहे. एका नवतपात माझी गाडी गरम होऊ लागली, तेव्हा गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरण्यात आले. त्या उन्हाळ्यापुरता काटा खाली आला आणि मला तो उपाय पटलाही. मात्र थंडीत इंजिन वेळेवर गरम होईना, ॲव्हरेज घसरले, आणि दुसरा उन्हाळा संपण्यापूर्वी रेडिएटरची नळी आतून कुजून गळू लागली. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला ठरलेल्या तापमानावर ठेवतो. तो नसेल तर इंजिन थंडच आहे असे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जास्त इंधन देत राहतो. पाण्याचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यांचा खासच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो, आणि तिथले भूजल क्षारांनी भरलेले असते. जे पाणी पिकाला चालत नाही, ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला आणि सिलिंडर हेडला चालेल अशी अपेक्षा करता येत नाही. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे, रेडिएटरच्या झाकणाचे रबर तपासावे आणि फॅन वेळेवर सुरू होतो का ते पाहावे. ज्या गाडीचा काटा मे महिन्यात एसी लावून, चार माणसे बसवून स्थिर राहत नाही, तिची ताकद वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

बोनेटखाली उघडा कोन फिल्टर

शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवल्यावर इंजिनचा श्वास मोठ्याने ऐकू येतो, आणि त्या आवाजालाच ताकद समजले जाते. कंपनीची फिल्टरपेटी बहुधा पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेते, तर उघडा कोन फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते, आणि बोनेटखाली ती ७० अंशांवर गेली तर त्यात आणखी सुमारे सात टक्क्यांची घट होते. जिथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे हा भाग फायदा देण्याऐवजी तोटाच करतो.

दुसरी अडचण धुळीची आहे. पांदण रस्त्याचा फुफाटा, रस्त्याच्या कामावरचा मुरूम, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू हे सगळे त्या फिल्टरवर येऊन बसते. तेल लावायचे कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, ही त्यांची खरी सोय आहे. परंतु तेल जास्त झाले की ते उडून एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसते आणि डिझेल गाडी अडखळू लागते. तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि फिल्टर बदलल्यापासूनच तक्रार सुरू झाली असेल, तर इंजेक्टर उघडण्याआधी त्या सेन्सरसाठीच्या स्प्रेने तो स्वच्छ करून पाहावा. फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात पांढरे फडके फिरवून पाहणे ही सोपी आणि खात्रीची परीक्षा आहे: फडक्यावर मातीचा थर आला, तर ती माती पिस्टनपर्यंत पोहोचत आहे, आणि असा फिल्टर त्याच दिवशी काढावा. आपल्या भागासाठी मूळ पेटीत बसणारा चांगला कागदी फिल्टर, तोही पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधी बदललेला, हाच मला योग्य पर्याय वाटतो. कागदी फिल्टरला पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा अगदी जवळून मारण्याची सवयही सोडावी, कारण त्या दाबाने कागदाला बारीक छिद्रे पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

टायर आणि रिम

ज्या बदलाने गाडी खरोखर सुधारते तो टायरचा, आणि सर्वांत जास्त गोंधळही त्यातच होतो. स्विफ्टच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे उदाहरण घेऊ. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतात, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. त्यांचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो. वरच्या मॉडेलच्या १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर असतो. म्हणजे कंपनीने रिम मोठी केली, टायर रुंद केला, पण चाकाचा घेर जवळजवळ तोच ठेवला. हे गणित सोडून दणकट दिसावी म्हणून त्याच गाडीला २०५/६५ आर १५ टायर बसवले, तर व्यास ६४७ मिलिमीटरच्या पुढे जातो. काटा पूर्वीइतकाच वेग दाखवत असताना गाडी साडेचार टक्के अधिक वेगाने धावते, पहिल्या गिअरची ओढ कमी होते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात चाक गेले की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. अशा गाडीचा मालक पिकअप गेल्याची तक्रार करतो, तेव्हा दोष इंजिनमध्ये शोधू नये.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट आहे. १९५/५५ आर १६ चा घेर बरोबर जुळतो, पण टायरच्या बाजूची उंची १३२ वरून १०७ मिलिमीटरवर येते. गुळगुळीत रस्त्यावर वळणात गाडी उत्तम बसते. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर मात्र पहिल्याच पावसाळ्यात रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. मी स्वतः १८५/६५ आर १५ च्या पुढे जाण्याचा सल्ला कोणालाही देत नाही. रिम घेताना नटांची संख्या आणि अंतर एवढेच जुळवून भागत नाही, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) आणि मधल्या भोकाचे मापही जुळले पाहिजे. मधले भोक मोठे असेल तर ती फट भरणारी मापाची हब-रिंग टाकावी. ती न टाकल्याने ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत राहतात.

टायरवरची अक्षरे वाचण्याची सवयही लावून घ्यावी. ८८ एस याचा अर्थ एक टायर ५६० किलोपर्यंत भार आणि ताशी १८० किलोमीटरपर्यंत वेग सहन करू शकतो असा होतो. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळालेल्या जुन्या अलॉयसोबत आलेले टायर नक्षी शाबूत असूनही सात-आठ वर्षांचे असू शकतात. ते घालून कारंजा लाडवरून समृद्धी महामार्गावर चढणे आणि तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने तासन्तास जाणे हा जिवाशी खेळ आहे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा सल्ला आपल्याकडे इतक्या जणांकडून ऐकायला मिळतो, की त्याबद्दल स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते, आणि टायर फुटण्यामागे बहुधा हीच उष्णता असते. चालताना दाब वाढणार हे गृहीत धरूनच दाराच्या चौकटीवरचा आकडा ठरवलेला असतो. तो आकडा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, थंड टायरमध्ये पाळावा, आणि धावून गरम झालेल्या टायरमधून हवा काढू नये.

सस्पेन्शन

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता कितीही नवा असला तरी काही काळात लाटेसारखा होतो. अशा रस्त्यावर गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावल्या, तर शॉकअब्सॉर्बरची हालचाल मधेच संपते, बंप-स्टॉप, म्हणजे शेवटचे रबरी अडसर, आदळतात आणि स्ट्रटचे वरचे माउंटिंग लवकर जाते. बैलबंडीच्या चाकोऱ्या पडलेल्या रस्त्याने वावरापर्यंत जाणाऱ्यांची ऑइल चेंबर फुटेल हे वेगळे. याउलट, गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवणे हाही उपाय नाही. बफर अडकलेले वेढे काम करेनासे होतात, उरलेल्यांवर ताण येतो आणि गाडी खडखडते. जुन्या गाडीत चारही नवे शॉकअब्सॉर्बर, नवी बुशिंग आणि नीट केलेले अलाइनमेंट एवढ्यानेच जो फरक पडतो, तो अनुभवल्यावर स्प्रिंगांचा विषय बहुतेक जण सोडून देतात.

रीमॅप आणि सायलेन्सर

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा भाग) नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात रीमॅपने फार काही हाती लागत नाही, कारण आत येणारी हवाच मर्यादित असते. टर्बो डिझेलमध्ये वाढ खरी जाणवते, आणि म्हणूनच तिथे सावध राहावे लागते. स्विफ्टमध्ये येणारे १.३ लिटर डिझेल इंजिन ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटरचे होते. याच इंजिनाची ९० पीएसची आवृत्ती काढताना कंपनीला वेगळा, व्हेरिएबल जिऑमेट्रीचा (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो वापरावा लागला. तीच ताकद फक्त लॅपटॉपवरून मूळ टर्बोकडून काढली, तर टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावरचा जादा भार तुमच्या खिशातून जातो. जानेवारीच्या गारव्यात स्वच्छ चालणारी रीमॅपची फाइल मे महिन्यात काळा धूर सोडू लागते, कारण हवा विरळ झालेली असते आणि इंधन मात्र वाढवलेलेच असते. क्लचची परीक्षा अशी करावी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, आरपीएम झटकन वर गेले आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरत आहे. रीमॅप करणाऱ्याकडून मूळ फाइलची प्रत आधीच मागून घ्यावी, आणि ती देण्यास जो तयार नसेल त्याच्याकडे काम देऊ नये.

जाड पाइपचा सायलेन्सर छोट्या इंजिनाला उपयोगी पडत नाही. वायूचा वेग कमी होऊन खालच्या आरपीएमची ओढ जाते, आणि आपले बहुतेक चालवणे त्याच टप्प्यात असते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे तर बेकायदा आहे आणि हवा खराब करणारेही आहे. सायलेन्सर बदलल्यानंतर स्कॅनरवर पी ०४२० हा कोड दिसला, तर त्याचा अर्थ कन्व्हर्टर अपेक्षेइतके काम करत नाही असा आहे. मात्र नवा कन्व्हर्टर घेण्यापूर्वी जोड आणि गॅस्केट गळत नाहीत ना ते पाहावे, कारण ऑक्सिजन सेन्सरजवळ बाहेरची हवा शिरली की तो चुकीचे आकडे देतो. नांगर आणि ट्रॉलीचे वेल्डिंग करणाऱ्याकडूनच सायलेन्सर जोडून घेणार असाल, तर आधी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात; तसे न केल्यास ईसीयू जळू शकतो.

ब्रेककडे शेवटी लक्ष जाते, ते सर्वांत आधी जायला हवे. चांगले पॅड आणि ताजे डॉट ४ ब्रेक फ्लुइड पुरेसे असते. कोरड्या अवस्थेत ते किमान २३० अंशांना उकळते, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे.

दिवे आणि वायरिंग

रात्री तुरीच्या पेंढ्या घेऊन जाणारी, मागे रिफ्लेक्टर नसलेली बंडी वेळेत दिसावी, ही गरज खरी आहे. परंतु मूळ ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब लावले, की हाय बीमला दोन दिव्यांचा प्रवाह सुमारे १० अँपिअरवरून १७ अँपिअरच्या जवळ जातो. मूळ होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळवंडतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये टाकलेला एलईडी बहुधा उजेड चोहीकडे फेकतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. काच पॉलिश करणे, चांगल्या प्रतीचे मूळ वॉटचेच बल्ब आणि रिले (बॅटरीतून थेट प्रवाह सोडणारा स्विच) असलेले स्वतंत्र हार्नेस यांनी उजेडात पुरेशी वाढ होते. नवी वायर फ्यूजशिवाय टाकू नये. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीशेजारी उभी राहत असेल, तर अचानक बंद पडलेल्या सेन्सरचे कारण उंदराने कुरतडलेली वायर आहे का, हे आधी पाहावे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते, की नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचण आणू शकतो, म्हणून आधी लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे. काढलेली मूळ फिल्टरपेटी, स्प्रिंगा, सायलेन्सर आणि रिम भंगारात देऊ नयेत. प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर लिहून ते कोरड्या जागी ठेवावेत, कारण बिघाड नव्या भागाचा आहे की गाडीचा हे ठरवण्यासाठी मूळ भाग परत लावून पाहावा लागतो, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते तेव्हाही तेच लागतात.