बांध कोरलाय असं वाटतंय? भांडायच्या आधी मोजणी आणा

शेजारी दरवर्षी नांगराचे दोन तास (म्हणजे नांगरटीच्या दोन ओळी) आपल्याकडं सरकवतो अशी शंका आली की लोक थेट बांधावर उभे राहून शिव्या देतात, नाहीतर रातोरात तारेचं कंपाउंड ठोकतात. कृपा करून असं करू नका, त्यात आपलीच बाजू कच्ची होते.

आधी ऑनलाइन ताजा सातबारा काढा, महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर आपला गट बघा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसातून जुन्या मोजणीची किंवा फाळणी नकाशाची (जमिनीचे पडलेले हिस्से दाखवणाऱ्या नकाशाची) नक्कल मागा. सातबारावर फक्त क्षेत्र असतं, हद्द कुठून जाते ते नकाशातच कळतं. गुंठ्यात हिशोब करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा त्याहून जरासा मोठा.

मग ई-मोजणी या ऑनलाइन सेवेत मोजणीचा अर्ज करा, मोजणीचं कारण म्हणून 'हद्द कायम' लिहा, फी भरा. लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते बरोबर द्या, कारण एकाला जरी नोटीस मिळाली नाही तरी तो उद्या मोजणीच मानत नाही. तारीख पीक निघाल्यावरची पडेल असं बघा, उभ्या उसात कुणालाच नीट दिसत नाही.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, जुने दगड झुडपात असतील तर आदल्या दिवशीच मोकळे करा, आणि शेजाऱ्याला आपण स्वतः जाऊन बोलवा, नोटीस गेलीये म्हणून गप्प बसू नका. भूकरमापक (मोजणी करणारे सरकारी कर्मचारी) खुणा दाखवतील तेव्हा फोटो काढा, जबाब पूर्ण वाचूनच सही करा, हरकत असेल तर ती तिथंच लिहून द्या.

नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा घ्या. त्यात नोंदीप्रमाणेची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात, म्हणजे अतिक्रमण नेमकं किती ते कळतं. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, तीही पटली नाही तर त्याहून वरची सुपर निमताना.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते, मोजणीनं ताबा मिळत नाही. शेजारी ऐकत नसेल तर 'क' प्रत घेऊन वकिलाकडे जा आणि दिवाणी दावा लावा, आणि यात वर्षं घालवू नका, कारण तो 12 वर्षं आपल्याविरुद्ध उघड ताब्यात राहिला तर जमीन परत मिळवणं फार अवघड होतं. शेजारी मान्य करत असेल तर त्याच आठवड्यात, दोघांच्या समोर, खुणांवर सिमेंटचे पोल गाडून घ्या.